नोकरी सोडून पुस्तकांना वाहून घेणारा कार्टर वुडसन

सहा डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांची दुकाने लागतात. लांबून आलेली माणसे भाकरी बांधून आणतात, खर्चाला चार पैसे राखून ठेवतात आणि त्यातूनच पुस्तक विकत घेतात. प्रस्थापितांच्या साहित्यविश्वाला या गोष्टीचे महत्त्व कधी नीट उमगले नाही. पण ही पुस्तके छापतो कोण? त्या टेबलामागे बसलेला माणूस बहुधा कुठे तरी नोकरीला असतो. कुणी शिक्षक, कुणी बँकेत कारकून, कुणी रेल्वेत, कुणी नुकताच निवृत्त झालेला. दिवसा नोकरी आणि रात्री मुद्रितशोधन. भविष्यनिर्वाह निधीतून उचल काढायची, कागद घ्यायचा, हजार प्रती छापायच्या आणि गठ्ठे घरातल्या पलंगाखाली ठेवायचे. चळवळीचे कितीतरी साहित्य अशा पलंगाखालून बाहेर आले आहे.

आम्ही वकिलीचा व्यवसाय सांभाळून चळवळीत वावरतो, म्हणून असे प्रकाशक बंधू आमच्याकडे सल्ल्याला येतात. त्यांचा एक प्रश्न हमखास असतो. नोकरी सोडून पूर्णवेळ प्रकाशन केले तर चालेल काय? प्रश्न साधा नाही. एका बाजूला घर, मुलांची शिक्षणे, घरकर्जाचे हप्ते असतात आणि दुसऱ्या बाजूला छापायची राहून गेलेली पुस्तके असतात. या प्रश्नावर कोरडा सल्ला देण्यापेक्षा ज्याने हे करून दाखवले, त्याचे चरित्र समोर ठेवणे आम्हाला अधिक योग्य वाटते. हा माणूस आपल्या देशातला नाही. पण त्याचे दुःख आपल्या ओळखीचे आहे आणि त्याने काढलेला मार्गही आपल्याला परका वाटणार नाही. त्याचे नाव डॉ. कार्टर गॉडविन वुडसन.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांशी आपले नाते जुने आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा तो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९ डिसेंबर १८७५ रोजी, व्हर्जिनिया राज्यातील न्यू कॅन्टन या खेड्यात वुडसन यांचा जन्म झाला. त्यांचे आईवडील दोघेही गुलामगिरीत जन्मलेले. वडिलांना लिहितावाचता येत नव्हते, तरी गोऱ्या माणसापुढे मान खाली घालायची नाही ही शिकवण त्यांनी मुलांना दिली. घरची जमीन थोडी आणि तोंडे खायला अनेक. शाळा वर्षातून जेमतेम चार-पाच महिने भरायची, उरलेला काळ शेतात जायचा. त्या शाळेत त्यांचे मामाच शिक्षक होते.

तरुणपणी वुडसन वेस्ट व्हर्जिनियातील कोळशाच्या खाणीत कामाला लागले. तिथे त्यांना ऑलिव्हर जोन्स नावाचा एक खाणकामगार भेटला. हा यादवी युद्धात लढलेला जुना सैनिक. त्याला स्वतःला वाचता येत नव्हते, पण घरात त्याने पुस्तके आणि वर्तमानपत्रे गोळा केली होती. संध्याकाळी दमलेले खाणकामगार त्याच्या घरी जमत आणि तरुण कार्टर त्यांना मोठ्याने वाचून दाखवी. मोबदला म्हणून त्याला फळे, आइस्क्रीम असे काही खायला मिळे. वाचनानंतर त्या माणसांची चर्चा रंगायची. युद्धात काय पाहिले, गुलामगिरीत काय सोसले, मालक कसे होते, पळून जाणारे कसे पळाले, हे सारे तिथे निघायचे. यातले काहीच कुठल्या छापील इतिहासात नव्हते. आपल्या माणसांजवळ इतिहास आहे, पण त्यांचे पुस्तक नाही, ही गोष्ट वुडसन यांना विद्यापीठात नव्हे, तर या खाणकामगाराच्या घरात समजली. पुढच्या आयुष्याचे बीज तिथे पडले.

वयाच्या विसाव्या वर्षी ते हंटिंग्टन येथील डग्लस हायस्कूलमध्ये दाखल झाले. आपल्याकडेही मिसरूड फुटल्यावर पाटी हातात घेणारी पिढी होऊन गेली, तिला यातली जिद्द सांगावी लागणार नाही. दोन वर्षांच्या आत त्यांनी तिथले शिक्षण पुरे केले. पुढे केंटकीतील बेरिया कॉलेजातून १९०३ साली पदवी घेतली. काळे आणि गोरे विद्यार्थी एकत्र शिकत अशी ती दुर्मीळ संस्था होती आणि दुसऱ्याच वर्षी केंटकी राज्याने कायदा करून असे एकत्र शिक्षण बंद पाडले. मग फिलिपाइन्समध्ये शिक्षकाची व पर्यवेक्षकाची नोकरी, आशिया आणि युरोपचा प्रवास, शिकागो विद्यापीठाची एम. ए. आणि १९१२ साली हार्वर्डची पीएच. डी. डब्ल्यू. ई. बी. द्युबॉईस यांच्यानंतर हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे ते दुसरे कृष्णवर्णीय. गुलाम मातापित्यांच्या पोटी जन्मून इतिहासात डॉक्टर झालेले ते पहिलेच.

पदवी मिळाली, पण हार्वर्डने दुसरेही काही शिकवले. काळ्या माणसाला सांगण्यासारखा इतिहासच नाही, हे मत त्या काळी अडाणी माणसांचे नव्हते, मोठमोठ्या इतिहासकारांचे होते. पाठ्यपुस्तकात गुलाम सुखी होता आणि मालक दयाळू होता. ज्यांच्या हातात छापखाना आणि विद्यापीठ, त्यांच्या हातात इतिहास. आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

९ सप्टेंबर १९१५ रोजी शिकागो येथे वायएमसीएच्या इमारतीत वुडसन यांनी चार सहकाऱ्यांसह एक संस्था स्थापन केली. कृष्णवर्णीयांच्या जीवनाचा व इतिहासाचा अभ्यास करणारी ही संस्था. त्या वेळी रूढ असलेला ‘निग्रो’ हा शब्द तिच्या नावात होता. नेमक्या त्याच काळात बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. संस्थेजवळ इमारत नव्हती, निधी नव्हता, पगारी माणूस नव्हता. अशा स्थितीत चार महिन्यांच्या आत, जानेवारी १९१६ मध्ये, वुडसन यांनी ‘जर्नल ऑफ निग्रो हिस्टरी’ या त्रैमासिकाचा पहिला अंक काढला. वर्गणी होती वर्षाला एक डॉलर. छपाईसाठी त्यांनी स्वतःच्या विमा पॉलिसीवर ४०० डॉलर कर्ज काढले. कार्यकारी मंडळाला विचारलेसुद्धा नाही. एक सभासद रागावून राजीनामा देऊन मोकळा झाला. अंक मात्र निघाला.

इथून पुढची सहा वर्षे आजच्या आपल्या प्रकाशक बंधूंनी बारकाईने पाहावीत. वुडसन यांनी लगेच नोकरी सोडली नाही. ते वॉशिंग्टनच्या शाळेत फ्रेंच, स्पॅनिश, इंग्रजी आणि इतिहास शिकवत होते. पुढे एका शाळेचे मुख्याध्यापक झाले. १९१९ साली हॉवर्ड विद्यापीठात अधिष्ठाता झाले, पण तिथल्या गोऱ्या अध्यक्षांशी पटले नाही आणि वर्षभरात बाहेर पडावे लागले. मग जॉन डब्ल्यू. डेव्हिस प्रमुख असलेल्या वेस्ट व्हर्जिनियातील कॉलेजात दोन वर्षे अधिष्ठातेपद सांभाळले. या साऱ्या काळात त्रैमासिकाचे लेख मिळवणे, तपासणे, मुद्रिते वाचणे, वर्गणीदारांना पत्रे लिहिणे हे सर्व नोकरीच्या आधी आणि नोकरीनंतर चालले होते. तूट पडली की ती त्यांच्या पगारातून भरली जाई. ज्युलियस रोझेनवाल्ड हे श्रीमंत उद्योगपती दर तिमाहीला १०० डॉलर देत, तेवढाच आधार.

येथे ‘मूकनायक’ आठवल्याशिवाय राहत नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी तो पाक्षिक म्हणून निघाला, तेव्हा बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. सरकारी नोकरीमुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते आणि छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. पुढे बाबासाहेब शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले आणि १९२३ साली ‘मूकनायक’ बंद पडला. पत्राची गरज संपली होती म्हणून ते बंद पडले नाही. त्याच्यापाशी सतत बसणारा माणूस आणि सतत येणारा पैसा राहिला नाही, म्हणून बंद पडले. शोषितांच्या प्रकाशनांचा शत्रू नेहमी बाहेरचाच असतो असे नाही. पुष्कळदा फावल्या वेळेची मर्यादा हाच त्यांचा काळ ठरतो.

वुडसन यांना ही मर्यादा कळली होती. त्रैमासिक चालले होते, पण पुस्तकांचे काय? कृष्णवर्णीय लेखकाने कृष्णवर्णीयांविषयी लिहिलेला अभ्यासग्रंथ गोरे प्रकाशक सहसा घेत नसत, आणि घेतला तर त्याची किंमत, त्याची जाहिरात, तो कुठवर पोचवायचा हे सारे त्यांच्या हातात राही. म्हणून १९२१ साली त्यांनी ‘असोसिएटेड पब्लिशर्स’ ही प्रकाशन कंपनी काढली. वुडसन अध्यक्ष, जॉन डेव्हिस खजिनदार आणि लुई मेहलिंगर सचिव. त्याच वर्षी कृष्णवर्णीयांच्या चर्चचा इतिहास सांगणारे वुडसन यांचे पुस्तक कंपनीने बाहेर काढले.

वकिलाच्या नजरेने पाहिले तर येथे एक फार शहाणपणाची गोष्ट दिसते. अभ्यास करणारी संस्था वेगळी आणि पुस्तके विकणारी कंपनी वेगळी. संस्थेला देणगी मिळेल, कंपनीला ग्राहक मिळेल. देणगीदाराने हात आखडला तरी पुस्तकाची विक्री थांबणार नाही आणि पुस्तक अंगावर पडले तरी संस्था बुडणार नाही. आपल्याकडे मंडळ, मासिक, प्रकाशन आणि घरखर्च हे चारही एकाच वहीत आणि पुष्कळदा एकाच खिशात असतात. मग वाद झाला की हिशेब कोर्टात येतो आणि पुस्तके गोदामात वाळवीच्या तोंडी जातात. असे दावे आम्ही पाहिले आहेत. हेतू सर्वांचे चांगले असतात, कागद मात्र एकाचाही धड नसतो.

१९२२ साली वुडसन यांनी कॉलेजची नोकरी सोडली आणि ते वॉशिंग्टनला परतले. वय ४६. त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी दुसरी नोकरी केली नाही. ही उडी आंधळी नव्हती. त्रैमासिकाची सहा वर्षे मागे उभी होती. कार्नेगी कॉर्पोरेशनने आणि रॉकफेलर घराण्याच्या एका निधीने प्रत्येकी २५ हजार डॉलर, पाच वर्षांत विभागून, संस्थेला मंजूर केले होते. आणि त्याच वर्षी ‘द निग्रो इन अवर हिस्टरी’ हे त्यांचे पाठ्यपुस्तक कंपनीने काढले. ते शाळा-कॉलेजांत लागले आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत गेल्या. प्रकाशनाच्या धंद्यात असे एक तरी पुस्तक लागते, जे दरवर्षी न चुकता खपते आणि न खपणाऱ्या चार पुस्तकांना पोसते. वुडसन यांनी ते पुस्तक स्वतः लिहिले.

त्याच वर्षी त्यांनी वॉशिंग्टनच्या नाइन्थ स्ट्रीटवर १५३८ क्रमांकाचे तीन मजली विटांचे घर विकत घेतले. वर ते स्वतः राहत, खाली कार्यालय आणि पुस्तकांचा साठा. संस्था, त्रैमासिक, प्रकाशन आणि त्यांचे राहणे सर्व या एका छताखाली. त्यांनी लग्न केले नाही. हार्वर्डचा हा डॉक्टर वेळ पडली तर झाडू मारी, भट्टीत कोळसा टाकी, पुस्तकांची पार्सले बांधून टपालात टाकी. काम हलके-भारी असते ही कल्पनाच त्यांनी घरात येऊ दिली नाही. आपल्यातल्या काही पदवीधरांना गठ्ठा उचलायला लाज वाटते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

पुढे जगप्रसिद्ध झालेले कवी लँग्स्टन ह्यूज १९२५ च्या सुमारास काही काळ या कार्यालयात कामाला होते. १८३० सालच्या जनगणनेतून मुक्त कृष्णवर्णीय कुटुंबप्रमुखांची नावे काढून वुडसन यांनी एक मोठा ग्रंथ तयार केला. सुमारे ३० हजार नावे. ती वर्णानुक्रमे लावण्याचे काम ह्यूज यांच्याकडे आले. ते त्यांनी पुरे केले, पण डोळ्यांना ताण सोसवेना म्हणून नोकरी सोडली आणि एका हॉटेलात टेबले आवरण्याचे काम धरले. वुडसन यांच्याकडचे काम किती खडतर होते, याची कल्पना यावरून येईल. तरीही त्या ग्रंथाचा अर्थ लक्षात घ्यावा. ज्यांना इतिहास नाही असे म्हटले जात होते, त्यांच्यातील ३० हजार माणसांची नावे वुडसन यांनी छापून ठेवली. प्रत्येक नाव एकेक पुरावा होता आणि कोर्टाप्रमाणे इतिहासातही अखेर पुरावाच टिकतो.

पुस्तक छापले म्हणजे काम संपले, असे वुडसन यांनी कधी मानले नाही. वाचक तयार केल्याशिवाय पुस्तक खपत नाही, म्हणून फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचा इतिहास सप्ताह सुरू केला. लिंकन आणि फ्रेडरिक डग्लस यांचे जन्मदिवस लोक आधीपासून साजरे करीत होते, तोच आठवडा त्यांनी निवडला. सप्ताहासाठी शाळांना, चर्चला, महिला मंडळांना साहित्य पुरवले जाई. त्यात थोरांची चित्रे, भित्तिपत्रके, मुलांनी करायच्या नाटिका असत आणि हे सारे नाइन्थ स्ट्रीटवरच्या त्याच घरातून जाई. १९३७ पासून शाळाशिक्षकांसाठी ‘निग्रो हिस्टरी बुलेटिन’ हे सोपे मासिक निघू लागले. अभ्यासकाला त्रैमासिक, शिक्षकाला मासिक, विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तक, लहान मुलाला चित्र आणि नाटिका. विचार एकच, पण प्रत्येकाच्या हाताला पेलेल असा.

या कामाचा खरा कणा शाळांमधल्या शिक्षिका होत्या. दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या ताब्यातील शिक्षणखात्याला असली पुस्तके नको होती. लुईझियानातील एक शिक्षिका टेबलावर सरकारी पाठाचा कागद ठेवी आणि मांडीवर वुडसन यांचे पुस्तक उघडून त्यातले हळूच मुलांना वाचून दाखवी. मुख्याध्यापक आत आला की नजर टेबलावर. अशा मांड्यांवरून ती पुस्तके पुढच्या पिढीत गेली.

विक्रीचेही एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९२९ साली अमेरिकेत मोठी मंदी आली. माणसांना खायला मिळेना, तिथे पुस्तक कोण घेणार? तरीही १९३० च्या उन्हाळ्यात वुडसन यांचे तरुण सहकारी लॉरेन्झो ग्रीन हे हॉवर्ड विद्यापीठाच्या चार विद्यार्थ्यांना घेऊन फोर्ड मोटारीतून निघाले. गावोगावी चर्चमध्ये, शाळांत, घरोघरी जाऊन त्यांनी असोसिएटेड पब्लिशर्सची पुस्तके विकली. दक्षिणेत काळ्या माणसाला मुक्कामाला हॉटेल मिळणे मुश्कील, म्हणून आपल्याच लोकांच्या घरी उतरायचे. मंदीतही लोकांनी पुस्तके घेतली. गरीब माणूस पुस्तक घेत नाही हा समज खोटा आहे. त्याच्यापर्यंत पुस्तक कुणी नेत नाही, एवढेच खरे.

आता सर्वांत कळीचा मुद्दा. मोठ्या निधींचा पैसा आला की त्यामागून त्यांचा सल्ला येतो आणि सल्ल्यामागून हुकूम. वुडसन यांनी आपली संस्था एखाद्या कॉलेजला जोडून टाकावी, असा देणगीदारांचा आग्रह सुरू झाला. हे त्यांनी साफ नाकारले. संस्था दुसऱ्याच्या आवारात गेली की कोणते पुस्तक निघावे हे दुसराच ठरवणार, हे हॉवर्डच्या अनुभवानंतर त्यांना कुणी सांगण्याची गरज नव्हती. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मोठ्या देणग्या आटल्या. सहकाऱ्यांची संख्या कमी करावी लागली. त्यानंतर ही संस्था जगली ती शिक्षक, धर्मोपदेशक, महिला मंडळे आणि सामान्य कामगार यांच्या लहान लहान वर्गण्यांवर आणि पुस्तकांच्या विक्रीवर. १९३६ साली मेरी मॅक्लिऑड बेथ्यून या थोर शिक्षणतज्ज्ञ महिला संस्थेच्या अध्यक्ष झाल्या. त्यांचे आईवडीलही गुलाम होते. सामान्य माणसांपर्यंत संस्था नेण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

याच काळात, १९३३ साली, वुडसन यांचे ‘द मिस-एज्युकेशन ऑफ द निग्रो’ हे आज सर्वांत अधिक वाचले जाणारे पुस्तक निघाले. मूळ वर्तमानपत्री लेख आणि भाषणे एकत्र करून ते केले होते. शिकलेला माणूस आपल्याच लोकांना हीन समजू लागतो, कारण ज्या शिक्षणाने तो मोठा झाला त्याने त्याला स्वतःचा तिरस्कार शिकवलेला असतो, असा त्याचा रोख. मनाला गुलाम केले की पायात बेडी घालण्याचे कारण उरत नाही, हे वुडसन यांनी दाखवून दिले. प्रस्थापित प्रकाशकाच्या दारात हे हस्तलिखित उभे राहिले असते तर त्याचे काय झाले असते, याचा विचार वाचकांनीच करावा. स्वतःचे प्रकाशन होते म्हणून त्यांना हे पुस्तक कुणाच्या परवानगीवाचून काढता आले.

या चरित्राची दुसरी बाजूही झाकून ठेवू नये. वुडसन स्वभावाने कडक होते. दुसऱ्यावर सोपवून निश्चिंत राहणे त्यांना जमले नाही. अनेक गुणी सहकारी त्यांच्याकडे आले आणि काही वर्षांत निघूनही गेले. द्युबॉईस यांच्यासारख्या मोठ्या माणसाशीही विश्वकोशाच्या प्रकल्पावरून त्यांचे जुळले नाही. वुडसन यांनी स्वतः मनाशी धरलेला विश्वकोश तर अपुराच राहिला. सर्व दोऱ्या एका हातात ठेवणारा माणूस संस्था उभी करतो, पण त्याचे ओझेही त्यालाच वाहावे लागते. पूर्णवेळ होणे म्हणजे एकट्याने सर्व करणे नव्हे, हा धडा त्यांच्या यशातून नाही, तर त्यांच्या थकव्यातून घ्यावा लागतो.

३ एप्रिल १९५० रोजी त्याच घरात हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. योगायोग असा की ३ एप्रिल हाच ‘बहिष्कृत भारत’चा जन्मदिवस, साल १९२७. वुडसन गेल्यानंतर रेफर्ड लोगन, चार्ल्स वेस्ली अशा जुन्या सहकाऱ्यांनी धुरा उचलली. ज्यांचे त्यांच्याशी खटके उडाले होते, त्यांनीही काम टाकले नाही. कागदोपत्री संस्था नीट उभी असल्यामुळे ती व्यक्तीबरोबर संपली नाही. १९७६ साली इतिहास सप्ताहाचा इतिहास महिना झाला. त्रैमासिक आज नाव बदलून चालू आहे, आणि नाइन्थ स्ट्रीटवरचे ते घर राष्ट्रीय स्मारक म्हणून जपलेले आहे.

तर मग नोकरी सोडावी की नाही? वुडसन यांचे आयुष्य एका शब्दात उत्तर देत नाही, पण क्रम दाखवते. आधी नियमितपणा, मग स्वतंत्र नोंदणी आणि स्वच्छ हिशेब. त्यानंतर दरवर्षी खपणारे एक पुस्तक, काही वर्षांच्या खर्चाची तरतूद, आणि या सर्वानंतर राजीनामा. ज्या बंधूंचा पहिला अंक अजून निघायचा आहे, त्यांनी राजीनाम्याची घाई करू नये. आणि ज्यांची दहा-पंधरा पुस्तके निघाली, आवृत्त्या संपल्या, मागणी आहे पण छापायला वेळ नाही, त्यांनी निवृत्तीची वाट पाहत बसू नये. साठाव्या वर्षी गठ्ठे उचलण्याचे बळ उरत नाही. लेखकाशी लेखी करार करा, मानधन ठरवा, विक्रेत्याच्या उधारीची मुदत कागदावर आणा, घरच्या माणसाला हिशेब दाखवा. चळवळीच्या कामात कागदपत्रे कशाला, असे म्हणणाऱ्यांनी सर्वांत जास्त पुस्तके बुडवली आहेत.

पण जबाबदारी एकट्या प्रकाशकाची नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ स्वतःच्या खर्चाने छापले. लाहोरच्या मंडळाने भाषण नाकारले, तेव्हा त्यांनी दुसऱ्या कुणाच्या व्यासपीठाची वाट पाहिली नाही. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या, त्या कुणी तरी पैसे मोजून विकत घेतल्या म्हणून. आज आपल्यातले पगारदार लोक लग्नाच्या मंडपावर लाखाने खर्च करतात आणि शंभर रुपयांच्या पुस्तकावर सवलत मागतात. ओळखीचा प्रकाशक असला तर भेट प्रतीची अपेक्षा धरतात. विहाराच्या ग्रंथालयाला पुस्तके दान म्हणून मागितली जातात, विकत घेतली जात नाहीत. ज्या समाजाला आपला प्रकाशक पूर्णवेळ हवा आहे, त्याने त्याच्या पोटाचाही विचार केला पाहिजे. अमेरिकेतल्या खाणकामगाराने आणि शाळेतल्या शिक्षिकेने मंदीच्या काळात तो विचार केला. प्रत्येक विहाराने वर्षाला ठरावीक रकमेची पुस्तके रोखीने घेण्याचा ठराव केला, तरी आपल्यातले कितीतरी प्रकाशक उद्या नोकरी सोडू शकतील. हा ठराव करायला सरकारी अनुदान लागत नाही, पुढच्या बैठकीत एक सूचक आणि एक अनुमोदक पुरे आहेत.